लिनक्स संगणकावर न दिसणारी तबकडी-ड्राइव्ह : दोषशोधनाचा क्रम

विसाव्या शतकाचे अखेरचे दशक आणि एकविसाव्या शतकाची पहिली दहा-पंधरा वर्षे या काळात भारतातील विद्यापीठांनी आपले पुष्कळसे संचित प्रकाशीय तबकड्यांवर, म्हणजे रूढ भाषेत सीडी व डीव्हीडी यांवर, उतरवून ठेवले. क्षेत्रीय पाहणीत ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या, बोलींचे नमुने, मोडी कागदपत्रांची छायाचित्रे, परिसंवादांतील भाषणे असे नानाविध साहित्य या तबकड्यांत साठले. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. व पीएच.डी. या पदव्यांसंबंधी २००९ साली जे विनियम केले, त्यांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक ठरविले. आणि त्या काळी अशी प्रत बहुधा सीडीवरच दिली जात असे. महाराष्ट्राबाहेरील मराठी विभागांच्या दृष्टीने या साठ्याचे मोल अधिकच आहे. तेथे जमविलेली सामग्री त्या त्या प्रदेशातील मराठी भाषकांची असते, आणि तिची दुसरी प्रत अन्यत्र असेलच याची खात्री नसते.

दरम्यान संगणकाचे स्वरूप पालटले. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी वाचण्याची सोय सहसा नसते. त्यामुळे कपाटातील तबकडी वाचायची झाल्यास एखादा जुना संगणक बाहेर काढावा लागतो किंवा यूएसबी तारेने जोडण्याची बाह्य ड्राइव्ह आणावी लागते. जुन्या संगणकांवर हलकी व विनामूल्य म्हणून लिनक्स ही कार्यप्रणाली बसविण्याचा प्रघातही वाढला आहे. तबकडी आत सरकवावी, आणि पडद्यावर काहीच उमटू नये, असा अनुभव अशा वेळी वारंवार येतो. मग 'तबकडी गेली' असा निर्णय घाईने दिला जातो आणि ती टाकूनही दिली जाते. प्रत्यक्षात दोष एखाद्या सैल तारेत, न भरलेल्या आज्ञासंचात किंवा अपुऱ्या वीजपुरवठ्यात असू शकतो. दोष नेमका कोठे आहे हे ठरविण्याचा क्रम सांगणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१. 'दिसत नाही' या शब्दांचे तीन अर्थ

'ड्राइव्ह दिसत नाही' या एकाच वाक्याने तीन भिन्न अवस्था सांगितल्या जातात. पहिल्या अवस्थेत संगणकाला ड्राइव्हच सापडलेली नसते. दुसऱ्या अवस्थेत ड्राइव्ह सापडलेली असते, परंतु ड्राइव्हला तबकडी वाचता येत नसते. तिसऱ्या अवस्थेत ड्राइव्ह व तबकडी या दोहोंचीही ओळख पटलेली असते, पण तबकडीवरील मजकूर ज्या रचनेत लिहिला आहे ती रचना उलगडत नसते. तिन्ही वेळा पडदा सारखाच कोरा राहतो. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. पहिल्या अवस्थेत तबकडी पुसत बसणे जितके व्यर्थ, तितकेच तिसऱ्या अवस्थेत तारा बदलणे व्यर्थ.

पाठचिकित्सा करणारा अभ्यासक अपपाठ कोणत्या प्रतीत प्रथम शिरला हे शोधतो आणि त्यासाठी प्रतींची परंपरा लावतो. येथेही तसेच करावयाचे आहे. विद्युत्पुरवठा, जोडतार, संगणकातील मूळ आज्ञासंच, लिनक्सचा गाभा, उपकरणाचे नाव, वापरणाऱ्याचा अधिकार, तबकडी आणि शेवटी तिच्यावरील रचना, अशी ही साखळी आहे. तळापासून वर जात जी कडी पहिल्यांदा मौन धरते, तिच्यापाशी दोष शोधावा.

२. ड्राइव्ह आणि लिनक्स यांचे संभाषण

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली सीडी १९८२ साली बाजारात आली. १२० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या या तबकडीवर सुमारे ५ किलोमीटर लांबीची एक सर्पिल रेषा असते, आणि तिच्यावरील सूक्ष्म खुणा ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसर किरणाने वाचल्या जातात. डीव्हीडीसाठी ६५० व ब्लू-रे तबकडीसाठी ४०५ नॅनोमीटरचा लेसर लागतो. डीव्हीडी वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये म्हणूनच दोन तरंगलांबींची योजना करावी लागते. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

लिनक्सचा आरंभ फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली केला. या कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. एखाद्या उपकरणाशी कोणत्या रीतीने बोलावे हे कर्नेलला सांगणाऱ्या आज्ञासंचाला ड्रायव्हर असे नाव आहे. तबकडी-ड्राइव्ह संगणकाला पूर्वी आयडीई प्रकारच्या रुंद पट्टीने जोडली जाई, पुढे ती साटा प्रकारच्या अरुंद तारेने किंवा यूएसबीने जोडली जाऊ लागली. जोडणी कोणतीही असली तरी आज्ञांची भाषा स्कझी या जुन्या पद्धतीचीच राहिली. आयडीई व साटा तारांतून स्कझी आज्ञा पाकिटात घालून पाठविण्याच्या पद्धतीला अटॅपी म्हणतात.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. जुन्या लिनक्समध्ये आयडीई ड्राइव्हला 'एचडीसी' यासारखे नाव मिळत असे. पुढे नव्या ड्रायव्हरांच्या योजनेत सर्व तबकडी-ड्राइव्हना 'एसआर०', 'एसआर१' अशी नावे मिळू लागली, आणि आयडीईची जुनी व्यवस्था २०२१ साली ५.१४ या आवृत्तीत कर्नेलमधून वगळण्यात आली. जुन्या पुस्तकातील सूचनेप्रमाणे 'एचडीसी' शोधणाऱ्यास ते नाव आजच्या संगणकावर सापडणार नाही, आणि ड्राइव्ह सुस्थितीत असूनही ती हरवली असे वाटेल. शोध 'एसआर०' या नावाचा घ्यावा.

पुढे ज्या आज्ञा येतात त्या टर्मिनल नामक खिडकीत रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावयाच्या असतात. येथे त्यांची अक्षरे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

३. वीज आणि तारा

ड्राइव्हचे बटन दाबले असता खण बाहेर येतो का, हे प्रथम पाहावे. खण उघडण्यास केवळ वीज लागते, माहितीची तार लागत नाही. म्हणून खण उघडला तर वीज पोचते आहे एवढेच सिद्ध होते. उघडला नाही तर वीजपुरवठ्याची तार, तिची खाच आणि ड्राइव्हची यांत्रिक बाजू तपासावी. यास एक अपवाद आहे. तबकडी वापरात असताना लिनक्स खणाला कुलूप लावते, आणि मग बटन दाबूनही तो उघडत नाही. अशा वेळी तबकडी आधी प्रणालीपासून सोडवावी किंवा 'इजेक्ट' ही आज्ञा द्यावी. वीज बंद असताना खण उघडण्यासाठी बऱ्याच ड्राइव्हच्या दर्शनी बाजूस एक बारीक छिद्र असते. सरळ केलेली टाचणी त्यात हलकेच सारली की खण मोकळा होतो.

संगणकाच्या पेटीतील साटा ड्राइव्हला दोन जोडण्या असतात : सात स्पर्शबिंदूंची माहितीची आणि पंधरा स्पर्शबिंदूंची विजेची. लॅपटॉपमधील पातळ ड्राइव्हची विजेची जोडणी सहाच बिंदूंची असते. म्हणून मोठ्या ड्राइव्हची तार तिला बसत नाही, वेगळा जोड लागतो. संगणक बंद करून, भिंतीतील वीज तोडून, दोन्ही तारा काढून पुन्हा घट्ट बसवाव्या. शक्य असल्यास चालू हार्ड डिस्कची माहितीची तार घटकाभर ड्राइव्हला लावून पाहावी. तार बदलताच ड्राइव्ह दिसली, तर शोध तेथेच संपला.

बाह्य ड्राइव्हच्या बाबतीत विजेचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. यूएसबीच्या दुसऱ्या पिढीतील खाच प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर आणि तिसऱ्या पिढीतील ९०० मिलिअँपिअर प्रवाह देते. तबकडीला गती देताना ड्राइव्ह क्षणभर याहून अधिक प्रवाह मागू शकते. तेव्हा दिवा लागतो, चक्र फिरू लागते, थांबते, पुन्हा फिरू लागते, आणि संगणकाला ड्राइव्ह येते-जाते असे दिसते. काही ड्राइव्हबरोबर दोन खाचांतून वीज घेणारी दुहेरी तार मिळते ती याच कारणाने. अशी ड्राइव्ह विभाजकाला न लावता संगणकाच्या मागील खाचेस थेट लावावी, किंवा स्वतंत्र वीज असलेला विभाजक वापरावा. जुनी साटा ड्राइव्ह यूएसबीला लावण्यासाठी मिळणाऱ्या जोडपट्ट्यांपैकी काही केवळ हार्ड डिस्कसाठीच केलेल्या असतात आणि अटॅपी आज्ञा पुढे पोचवीत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

४. लिनक्सच्या आधीची साक्ष

संगणक चालू होताच, लिनक्स जागे होण्यापूर्वी, मुख्य फलकावरील बायॉस किंवा यूईएफआय हा मूळ आज्ञासंच काम करू लागतो. चालू करताना ठरावीक कळ दाबल्यास, बहुधा डिलीट, एफ२ किंवा एफ१०, त्याचा माहितीपट उघडतो. त्यात जोडलेल्या उपकरणांची यादी असते. ड्राइव्हचे नाव तेथे असेल तर वीज व तार यांविषयीची शंका मिटते आणि पुढील शोध लिनक्समध्ये घ्यावा लागतो. तेथेही नाव नसेल तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही.

याच पटात साटाची प्रत्येक खाच चालू किंवा बंद ठेवण्याची सोय असते. पूर्वी कोणी लॅपटॉपमधील ड्राइव्ह काढून तिच्या जागी दुसरी हार्ड डिस्क बसविली असेल, किंवा वीज वाचविण्यासाठी खाच बंद केली असेल, तर ती येथेच पुन्हा चालू करावी लागते. मात्र काही संगणकांचा पट केवळ प्रणाली सुरू करण्याजोगीच उपकरणे दाखवितो. म्हणून, विशेषतः यूएसबी ड्राइव्हच्या बाबतीत, येथील मौन हा अंतिम पुरावा समजू नये.

५. कर्नेलची दैनंदिनी

कर्नेल जागे झाल्यापासून प्रत्येक उपकरणाची जी विचारपूस करते तिची नोंद ते ठेवीत जाते. ही नोंद 'डी, एम, ई, एस, जी' या पाच अक्षरांच्या आज्ञेने वाचता येते. बऱ्याच लिनक्स-वितरणांत तिच्यापूर्वी 'सुडो' हा शब्द लिहून प्रशासकीय अधिकार घ्यावा लागतो. दोषशोधनात याहून मोलाचे साधन दुसरे नाही.

साटा ड्राइव्हसंबंधी तीन नोंदी पाहाव्या. पहिली नोंद दुव्याविषयीची असते. 'लिंक अप' याचा अर्थ तारेच्या दोन्ही टोकांची गाठ पडली. तबकडी-ड्राइव्हचा वेग तेथे सहसा १.५ गिगाबिट असा दिसतो, आणि तो कमी वाटला तरी सर्वथा नियमित आहे. 'लिंक डाउन' असे असेल तर त्या खाचेवर कर्नेलला कोणीच भेटले नाही. रिकाम्या खाचांविषयीही असेच लिहिले जाते, तेव्हा नोंद कोणत्या खाचेची आहे हे पाहूनच निष्कर्ष काढावा. दुसऱ्या नोंदीत 'अटॅपी' हा शब्द आणि ड्राइव्हच्या निर्मात्याचे नाव येते. ड्राइव्हने आपली ओळख स्वतः सांगितली, असा याचा अर्थ. तिसऱ्या नोंदीत 'एसआर०' हे नाव जोडल्याचे लिहिलेले असते. पहिल्या दोन नोंदी आहेत आणि तिसरी नाही, असे आढळल्यास ड्राइव्ह निर्दोष असून तिचा ड्रायव्हर भरला गेलेला नाही, असे समजावे.

या ड्रायव्हरचे नाव 'एसआर', अधोरेषा, 'मॉड' असे लिहितात. 'सुडो मॉडप्रोब' या शब्दांपुढे ते नाव दिले की कर्नेल त्यास बोलावून घेते. तो सापडत नाही असे उत्तर आल्यास एक साधे कारण आधी तपासावे. प्रणाली अद्ययावत करताना नवे कर्नेल बसते, पण संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत जुनेच कर्नेल चालू राहते. काही वितरणांत जुन्या कर्नेलचे ड्रायव्हर त्याच वेळी पुसले जातात. मग चालू कर्नेलला हवा असलेला ड्रायव्हर तबकवर उरलेलाच नसतो. संगणक बंद करून पुन्हा चालू करणे एवढाच यावरील उपाय आहे.

यूएसबी ड्राइव्हसाठी 'एल, एस, यू, एस, बी' ही आज्ञा द्यावी. ती जोडलेल्या उपकरणांची यादी देते. यादीत पुष्कळदा ड्राइव्हऐवजी आतील जोडपट्टीच्या निर्मात्याचे नाव आढळते. नाव अनोळखी आहे म्हणून उपकरण वेगळे आहे असे मानू नये. ड्राइव्ह काढून व पुन्हा लावून कोणती ओळ नाहीशी होते ते पाहावे. जोडपट्टी दिसते पण 'एसआर०' उमटत नाही, असे असल्यास दोष जोडपट्टीच्या पलीकडे, ड्राइव्ह किंवा तिची वीज यांत आहे.

संगणक चालू असताना साटा ड्राइव्ह जोडली असेल तर कर्नेलला पुन्हा शोध घ्यावयास सांगता येते. 'सिस' निर्देशिकेतील 'क्लास', तिच्यातील 'स्कझी-होस्ट' या उपनिर्देशिकेत प्रत्येक खाचेसाठी एक स्थान असते, आणि त्या स्थानातील 'स्कॅन' या फाइलीत मोकळी जागा सोडून तीन आडव्या रेघा लिहिल्या की शोध नव्याने सुरू होतो. या खटाटोपापेक्षा संगणक पुन्हा सुरू करणे सामान्य वापरणाऱ्यास अधिक सोयीचे.

६. नाव, अधिकार आणि आभासी संगणक

कर्नेलने ड्राइव्ह ओळखली की 'डेव्ह' या निर्देशिकेत 'एसआर०' हे नाव उमटते, आणि बहुतेक वितरणांत त्याकडे बोट दाखविणारे 'सीडीरॉम' हे दुसरे नावही तयार होते. 'एल, एस, बी, एल, के' ही आज्ञा दिली असता साठवणीच्या सर्व उपकरणांची वंशावळ दिसते. तीत 'एसआर०' असेल तर पहिली अवस्था ओलांडली.

तरीही एखादा कार्यक्रम ड्राइव्ह नाही म्हणून सांगत असेल, तर अधिकार तपासावा. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरण एका गटाच्या स्वाधीन असते. डेबियन व उबुंटू या वितरणांत तबकडी-ड्राइव्हच्या गटाचे नाव 'सीडीरॉम', तर आर्चमध्ये 'ऑप्टिकल' असे आहे. 'ग्रुप्स' ही आज्ञा दिली की वापरणारी व्यक्ती कोणकोणत्या गटांत आहे ते कळते. गटात नाव नव्याने घातल्यास एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश केल्याविना ते लागू होत नाही. प्रशासकीय अधिकाराने ड्राइव्ह चालते आणि एरवी चालत नाही, हे या दोषाचे लक्षण होय.

लिनक्स जर विंडोजच्या पोटात आभासी संगणक म्हणून चालविले जात असेल, तर खरी ड्राइव्ह यजमान प्रणालीच्या हाती असते. आभासी संगणकाच्या मांडणीत ती मुद्दाम सोपवावी लागते. तोवर आतील लिनक्सला तिचे अस्तित्व कळण्याचा मार्ग नाही.

७. ड्राइव्ह दिसते, तबकडी दिसत नाही

दुसऱ्या अवस्थेत कर्नेलच्या दैनंदिनीत 'माध्यम नाही' किंवा 'वाचनदोष' अशा आशयाच्या इंग्रजी ओळी येतात. ड्राइव्हची पात्रता आधी पाहावी. 'प्रॉक' निर्देशिकेतील 'सिस', 'डेव्ह', 'सीडीरॉम' या क्रमाने खाली जाता 'इन्फो' नावाची फाइल मिळते, आणि तीत ड्राइव्ह काय वाचू शकते, काय लिहू शकते हे एक व शून्य या अंकांनी सांगितलेले असते. केवळ सीडी वाचणाऱ्या जुन्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडी घातल्यास ती कधीही दिसणार नाही, आणि बाह्य रूपात दोन्ही तबकड्या सारख्याच असल्याने ही चूक सहज होते.

त्यानंतर कारखान्यात छापलेली, उत्तम स्थितीतील एक सीडी व एक डीव्हीडी घालून पाहावी. एक वाचली जाते व दुसरी नाही, असे झाल्यास दोन लेसरांपैकी एक क्षीण झाला असण्याचा संभव आहे. दोन्ही वाचल्या जातात आणि विभागातील तबकडी तेवढी वाचली जात नाही, असे झाल्यास ड्राइव्ह निर्दोष ठरते.

घरी किंवा कार्यालयात लिहिलेल्या तबकडीत खुणा सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर उमटविलेल्या असतात. ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो थर बिघडतो. शिवाय लेखन पूर्ण झाल्यावर तबकडी 'बंद' करावयाची असते. ते राहून गेले असल्यास ती ज्या ड्राइव्हवर लिहिली तेथे वाचली जाते, अन्यत्र जात नाही. म्हणून एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी किमान दोन निराळ्या ड्राइव्हवर तपासावी. एकीने नाकारलेली तबकडी दुसरीने सुरळीत वाचणे हे मुळीच दुर्मिळ नाही.

तबकडी पुसताना मऊ, स्वच्छ कापडाने केंद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोलाकार फिरवू नये. सर्पिल रेषेला समांतर गेलेला ओरखडा आडव्या ओरखड्यापेक्षा अधिक मजकूर सलगपणे झाकतो. सीडीमध्ये मजकुराचा थर नाव लिहिण्याच्या बाजूस अगदी लागून असतो, त्यामुळे ती बाजू चकाकत्या बाजूपेक्षा नाजूक होय. तिच्यावर टोकदार लेखणीने लिहिणे किंवा चिकटवलेला कागद ओढून काढणे कटाक्षाने टाळावे.

८. तबकडी दिसते, मजकूर उघडत नाही

तिसऱ्या अवस्थेतील पहिली गफलत ध्वनितबकडीसंबंधी होते. संगीतासाठी केलेल्या सीडीवर फाइलींची रचनाच नसते, केवळ ध्वनीचे सलग पट्टे असतात. तिला फाइलींच्या तबकडीप्रमाणे जोडण्याचा प्रयत्न केल्यास लिनक्स 'रचना चुकीची' असे उत्तर देते, आणि ओव्यांचे ध्वनिमुद्रण नष्ट झाले असा समज होतो. अशी तबकडी ध्वनिवादक कार्यक्रमात उघडावी, किंवा 'सीडी-पॅरानोइया' यासारख्या साधनाने तिचे पट्टे उतरवून घ्यावे.

फाइलींच्या तबकडीची रचना बहुधा १९८८ साली प्रमाणित झालेल्या आयएसओ ९६६० या नियमानुसार किंवा यूडीएफ या पद्धतीनुसार असते. फाइलींना देवनागरी नावे असल्यास ती जॉलिएट या विस्ताराने नोंदविलेली असतात. नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अधोरेषा दिसल्यास तबकडी जोडताना वर्णसंच 'यूटीएफ-८' आहे असे सांगावे. नावे पूर्ववत् दिसू लागतात. याहून वेगळा प्रश्न फाइलीतील मजकुराचा आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती आदी प्रणालींत टंकित केलेले मराठी लेखन आज उघडले असता रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. तो तबकडीचा बिघाड नव्हे. बाइट जसेच्या तसे आहेत, केवळ त्यांचा टंक गैरहजर आहे. अशी फाइल जपून ठेवावी. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते.

९. दिसताच करावयाचे पहिले काम

ड्राइव्ह व तबकडी दोन्ही दिसू लागल्यावर फाइली एकेक करून उघडत बसण्याचा मोह टाळावा. जीर्ण तबकडीचे प्रत्येक वाचन हे शेवटचे असू शकते. म्हणून प्रथम संपूर्ण तबकडीची प्रतिमा हार्ड डिस्कवर उतरवावी. यासाठी 'डीडीरेस्क्यू' हे साधन योग्य आहे. फाइलींच्या तबकडीवर मजकूर २०४८ बाइटांच्या खंडांत असतो, आणि तेच खंडमान या साधनास सांगावे. पहिल्या फेरीत ते सुलभपणे मिळणारे खंड उतरवून घेते आणि अडलेल्या खंडांची नोंद एका नकाशा-फाइलीत ठेवते. पुढील फेरीत, हवी तर दुसऱ्या ड्राइव्हवर, तोच नकाशा देऊन केवळ अडलेले खंड पुन्हा वाचता येतात. दोन ड्राइव्हनी वाचलेले भाग अशा रीतीने एकाच प्रतिमेत जमा होतात. पुढचे सर्व काम या प्रतिमेवर करावे आणि मूळ तबकडीस विश्रांती द्यावी.

प्रतिमा सिद्ध झाल्यावर 'एसएचए-२५६' पद्धतीने तिचा ठसा काढून नोंदवून ठेवावा. काही वर्षांनी तोच ठसा पुन्हा काढून पाहिल्यास प्रतिमेत बदल झाला की नाही हे निश्चितपणे कळते. प्रतिमेच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी असाव्या.

हे सारे करूनही काही तबकड्या वाचल्या जाणार नाहीत. तरी त्यांवर 'निकामी' असा शेरा मारण्यापूर्वी पाकिटावर तारीख, कोणकोणत्या ड्राइव्हवर प्रयत्न झाला आणि साखळीची कोणती कडी मूक राहिली, हे लिहून ठेवावे. 'ड्राइव्ह दिसली, माध्यम ओळखले, अमुक खंडापुढे वाचन थांबले' अशी नोंद पुढील अभ्यासकास पुष्कळ काही सांगते आणि त्याचे श्रम वाचविते. 'उघडत नाही' या दोन शब्दांवरून मात्र त्यास काहीच कळत नाही, आणि तबकडी टाकून दिलेली असल्यास विचारण्यासारखेही काही उरत नाही.